जुन्या पिकअपच्या ३५० इंजिनात कॅमशाफ्ट कोणता घालावा?

प्रश्न थोडक्यात असा. १९७०च्या दशकातला शेवर्लेचा अर्ध्या टनाचा पिकअप आहे. ३५० घनइंची (५.७ लिटर) व्ही-८ इंजिन, कार्बोरेटर, तीन गिअरचा ऑटोमॅटिक, मागचा एक्सल ३.०८ गिअर-प्रमाणाचा आणि टायर २९ इंच उंचीचे. इंजिन खोललं तेव्हा कॅमचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचे, दोन लोब (त्यावरचे उंचवटे) घासून गोल झालेले निघाले. बोअर ०.०३० इंचाने वाढवून झालं आहे. गाडी रोजच्या वापरात असते आणि अधूनमधून ट्रेलर ओढते. समोर तीन पर्याय आहेत, ०.०५० इंच लिफ्टवर (टॅपेट तेवढा उचलला गेल्यापासून) मोजलेल्या ड्युरेशनचे, म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकचे किती अंश उघडा राहतो त्याचे, आधी इनटेक मग एक्झॉस्ट: १९५/२०२, २०४/२१४ आणि २२४/२३४. कोणता घ्यावा, आणि जुने टॅपेट (लोबवर टेकून व्हॉल्व्हकडे हालचाल पोचवणारे दट्टे) वापरता येतील का?

टॅपेटचं आधी सांगतो, कारण त्यात दुमत नाही. जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीही बसवू नयेत, एकही नाही. कॅमचं म्हणाल तर २०४/२१४, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबांच्या माथ्यांमधलं अंतर) ११२ अंशांचं, चार अंश पुढे बसवलेला. पण आत कोणते पिस्टन आले आहेत ते मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. काही पिस्टनांवर १९५/२०२ हाच बरोबर ठरतो. २२४/२३४चा विचार या गाडीसाठी सोडून द्या.

कॅम निवडताना बहुतेकांचं लक्ष आधी लिफ्टकडे जातं. ट्रकच्या इंजिनात लिफ्टपेक्षा कितीतरी महत्त्वाचा असतो तो इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याचा क्षण. पिस्टन खालच्या डेड सेंटरला (प्रवासाच्या सर्वांत खालच्या टोकाला) पोचून वर निघाला तरी इनटेक काही अंश उघडाच असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, त्यामुळे ती त्या वेळातही भरत राहते. सावकाश फिरणाऱ्या इंजिनात मात्र वर येणारा पिस्टन भरलेलं मिश्रण मॅनिफोल्डमध्ये परत ढकलतो. व्हॉल्व्ह जितका उशिरा बंद होईल तितकं खरं कॉम्प्रेशन कमी आणि १५०० ते २५०० आरपीएममधला जोर कमी. ट्रेलर ओढणारी गाडी आयुष्यभर याच पट्ट्यात चालते.

हिशोब सोपा आहे. इनटेक ड्युरेशनच्या निम्म्यात इनटेक सेंटरलाइन (इनटेक लोबाचा माथा येतो तो अंश) मिळवायची आणि त्यातून १८० वजा करायचे. सेंटरलाइन १०८ (११२ मधून पुढे बसवलेले चार वजा) धरली तर ०.०५०च्या मापाने १९५चा कॅम खालच्या डेड सेंटरनंतर २५.५ अंशांवर बंद होतो, २०४चा ३० अंशांवर आणि २२४चा ४० अंशांवर. ०.०५०चाच आकडा धरायचा, कारण जाहिरातीतली ड्युरेशन कुणी ०.००४ इंचापासून मोजतो तर कुणी ०.००६पासून. दोन वेगळ्या उत्पादकांच्या तशा आकड्यांची तुलना केली तर निष्कर्ष चुकतो.

हाच हिशोब कॉम्प्रेशनला जोडून पाहा. ४.०३० बोअर आणि ३.४८ स्ट्रोकमध्ये एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ७२७ सीसी भरतं. ट्रकच्या हेडचा ७६ सीसीचा चेंबर, दबल्यावर ०.०३९ इंच राहणारी गॅस्केट, चार खाचांच्या सपाट पिस्टनचे सुमारे ६ सीसी आणि डेकपासून (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापासून) ०.०२५ इंच खाली थांबणारा पिस्टन, एवढं धरलं तर स्टॅटिक कॉम्प्रेशन (पूर्ण स्ट्रोक धरून येणारं प्रमाण) ८.६ येतं. आता व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकण्याचा बिंदू घ्या (हा ०.०५०चा नव्हे). तो ५६ अंशांवर असेल तर डायनॅमिक कॉम्प्रेशन (व्हॉल्व्ह बंद झाल्यानंतरचाच स्ट्रोक धरून) सुमारे ७.३, ६३ अंशांवर ७.० आणि ७० अंशांवर ६.६. साध्या पेट्रोलवर साडेसात-आठपर्यंत सहज जाता येतं. म्हणजे हे इंजिन मुळातच खालच्या अंगाला आहे, आणि मोठा कॅम घातला की ते आणखी मंद होतं. २२४/२३४ बसवून निराश झालेल्यांची तक्रार ठरलेली असते: सिग्नलवरून गाडी उठत नाही, चढावर सारखा गिअर खाली पडतो, पेट्रोल जास्त लागतं. असं झाल्यावर अनेकजण कार्बोरेटरच्या मागे लागतात, पण तिथे काही सापडत नाही.

पिस्टन मोजायला सांगितलं त्याचं कारण असं. रिबिल्डसाठी मिळणारे स्वस्त पिस्टन मुद्दाम ०.०२० इंच आखूड केलेले असतात. गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची मूळ १.५६० असते, यांची १.५४०. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग घासला गेला तरी कॉम्प्रेशन वाढू नये हा त्यामागचा हेतू. तुमच्या ब्लॉकचा डेक घासलेला नसेल तर पिस्टन ०.०४५ इंच खाली राहतो आणि ८.६चं ८.३ होतं. फरक किरकोळ दिसतो, पण परिणाम कॅम जवळपास पाच अंश उशिरा बंद केल्याइतका असतो. म्हणून पिस्टन वरच्या डेड सेंटरला आणून डायल गेजने डेकपासूनचं अंतर चारही कोपऱ्यांच्या सिलिंडरांवर मोजा. ०.०४५च्या आसपास आलं आणि हेड ७६ सीसीचेच असतील, तर १९५/२०२ घ्या. ०.०२५ आलं तर २०४/२१४ चांगला चालेल. ६४ सीसीचे हेड असतील तर त्याच पिस्टनवर कॉम्प्रेशन ९.७च्या घरात जातं. मग चित्र बदलतं आणि २१४/२२४पर्यंत जायला हरकत राहत नाही, फक्त एक्सल साथ देणारा हवा.

एक्सलचा हिशोबही आताच करून टाका. ताशी किलोमीटर गुणिले एक्सलचं प्रमाण गुणिले २०९, भागिले टायरची उंची इंचांत. वरच्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिकच्या टॉर्क कन्व्हर्टरची घसरण सोडून, ९० किलोमीटरच्या वेगाला ३.०८ एक्सल आणि २९ इंची टायरवर इंजिन साधारण २००० आरपीएमने फिरतं. ३.७३ असता तर २४२० आणि ४.१० असता तर २६६०. २२४/२३४चा कॅम ३०००च्या वर जागा होतो. तुमची गाडी हमरस्त्यावरही तिथे पोचत नाही. पुढे कधी ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स बसवण्याचा बेत असेल तर त्याच वेगाला १४०० आरपीएमच राहतील, आणि तेव्हा १९५/२०२च गोड वाटेल.

लोब सेपरेशन ११२ का? ते अरुंद केलं, समजा १०८, की ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) वाढतो. आयडलला इंजिन हलतं आणि मॅनिफोल्डचं व्हॅक्यूम पडतं. मूळ कॅमवर ते पाऱ्याच्या मापाने १८ ते २० इंच असतं. बूस्टर ब्रेकला भरवशाने चालायला १५-१६ इंच तरी हवं. ट्रेलर जोडलेल्या गाडीत ब्रेकचा पेडल कडक होणं हा नुसता गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. १९८७ ते १९९५ मधल्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनच्या ट्रकांना ही गोष्ट आणखी काटेकोरपणे लागू होते. त्यांचा संगणक मॅनिफोल्डच्या दाबावरून इंधन ठरवतो. ओव्हरलॅपमुळे दाब वर दिसला की त्याला इंजिनावर भार आल्यासारखं वाटतं आणि तो जास्त पेट्रोल सोडतो.

एक्झॉस्टची ड्युरेशन इनटेकपेक्षा दहा अंश जास्त असण्याला या इंजिनात अर्थ आहे. जुन्या हेडचे एक्झॉस्ट पोर्ट आणि लोखंडी मॅनिफोल्ड इनटेकच्या मानाने तंग असतात. हेडर (नळ्यांचे मोकळे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) आणि मोकळे पाइप लावलेले असतील तर २०६/२०६सारखा सारख्या ड्युरेशनचा कॅमही तितकाच चांगला चालतो.

रोलर कॅमबद्दल (ज्यात टॅपेटच्या तळाला चाक असतं) थोडक्यात. फ्लॅट टॅपेटच्या घासण्याचा प्रश्न त्याने सुटतो हे खरं. पण १९७०च्या दशकातल्या ब्लॉकमध्ये कारखान्याचे रोलर टॅपेट बसत नाहीत. त्यांना उंच बोअर, टॅपेट वळू न देणाऱ्या पट्ट्या आणि समोर कॅम अडवणारी प्लेट लागते. जोडपट्टीचे रेट्रोफिट टॅपेट मिळतात. त्यांच्याबरोबर आखूड पुशरॉड, समोरचं कॅम बटण आणि स्टीलच्या कॅमला चालणारा डिस्ट्रिब्युटर गिअर हे सगळं घ्यावं लागतं. खर्च कॅमच्या अनेक पटींत जातो. फ्लॅट टॅपेट नीट बसवला तर तो दीर्घकाळ टिकतो, आणि तुमच्या वापराला तो पुरेसा आहे.

आता तो अनेकदा टिकत का नाही, ते. फ्लॅट टॅपेट नावाप्रमाणे सपाट नसतो. त्याचा तळ अगदी किंचित फुगीर असतो आणि लोबलाही बारीक उतार दिलेला असतो. लोब टॅपेटच्या मध्यापासून जरा बाजूला असल्यामुळे इंजिन फिरताना टॅपेट स्वतःभोवती फिरतो आणि घासण्याची जागा सतत बदलत राहते. टॅपेट फिरायचा थांबला की एकाच रेषेवर सगळा भार येतो आणि काही मिनिटांत लोब खाल्ला जातो. जुन्या टॅपेटचा तळ झिजून खोलगट झालेला असतो, म्हणून तो नव्या लोबवर फिरत नाही. जुने टॅपेट जुन्याच कॅमवर, ज्याच्या त्याच्या जागेवर, एवढीच त्यांची परवानगी.

बसवण्याआधी सोळाही नवे टॅपेट कोरडे, नुसत्या हाताने बोअरमध्ये सोडून पाहा. आपल्या वजनाने उतरले पाहिजेत आणि बोटाने सहज फिरले पाहिजेत. अडत असेल तर बोअरच्या कडेवरची वार्निश किंवा धातूची खरखरीत कड (बर) काढा. मग टॅपेटच्या तळाला मोजपट्टीची धार टेकवून उजेडाकडे धरा, मध्यभागी टेकून दोन्ही कडांना बारीक फट दिसली पाहिजे. एखादा सपाट किंवा खोलगट निघाला तर तो परत करा. नव्या मालातही असे निघतात, आणि हल्लीच्या बऱ्याच कॅम-नाशाचं मूळ इथेच आहे असं माझं ठाम मत आहे.

तुमचे दोन लोब गेले आहेत, म्हणजे ते लोखंड भुकटी होऊन ऑइलबरोबर सगळीकडे फिरलं आहे. ब्लॉकच्या ऑइल गॅलरींचे सगळे प्लग काढून लांब ब्रशने त्या आरपार घासून घ्या. प्लग न काढता नुसता ब्लॉक धुणं पुरत नाही. ऑइल पंप नवा घाला. कॅमचे पाचही बेअरिंग बदला आणि कुठलं कुठल्या जागेचं ते पाकिटावर पाहून ठेवा, सगळे एका मापाचे नसतात. याच वेळी टायमिंग चेनही बदलायची. मूळ कॅम गिअरला बऱ्याचदा नायलॉनचे दात असतात, ते तुटून ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. सैल चेन कॅमला काही अंश मागे नेते, म्हणजे विकत घेतलेला खालचा जोर तिथेच गमावला. ब्लॉकचं क्रँक बोअर लाइन-होन केलेलं असेल तर क्रँक आणि कॅम जरा जवळ येतात. तेव्हा ०.००५ किंवा ०.०१० इंच आखूड चेनचा सेट मागा.

व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅमच्या उत्पादकाने सांगितलेलीच घ्या. २०४/२१४ कॅमची लिफ्ट ०.४२ ते ०.४४५च्या आसपास असते. बसवलेली उंची १.७०० इंच असेल आणि लिफ्ट ०.४४४, तर पूर्ण उघडल्यावर स्प्रिंग १.२५६ उरते. गुंडाळे एकमेकांना टेकण्याआधी ०.०६० इंचाची मोकळीक हवी, म्हणजे त्या स्प्रिंगची पूर्ण दबलेली उंची १.१९६च्या आत असली पाहिजे. रिटेनर (स्प्रिंगच्या वरची टोपी) आणि व्हॉल्व्ह सील यांच्यातही तेवढीच जागा तपासा. काही ट्रक हेडांवर एक्झॉस्टला रोटेटर (व्हॉल्व्ह फिरवणारा भाग) असतात आणि तिथली स्प्रिंग आखूड असते, म्हणून दोन्ही बाजूंची उंची वेगवेगळी मोजा. मूळ स्प्रिंग बंद स्थितीत सुमारे ८० पौंड आणि १.२५ इंचावर २०० पौंड दाब देते. जास्त दणकट स्प्रिंग म्हणजे जास्त चांगली, असं इथे नाही. फ्लॅट टॅपेटवर तो सगळा भार त्या बारीक रेषेवर येतो, आणि या हेडांमधले दाबून बसवलेले रॉकर स्टड वर सरकायला लागतात. कॅम इतका सौम्य असल्याने पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात अंतराची अडचण येत नाही. तरी हेड किंवा डेक घासलेला असेल तर इनटेकला ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच मिळतंय का, ते मॉडेलिंग क्लेने (खेळण्याच्या मऊ मातीने) तपासून घ्या.

कॅम आत घालताना पुढच्या भोकात ५/१६-१८ आट्याचे लांब बोल्ट हँडलसारखे लावा, म्हणजे लोबांच्या कडा नव्या बेअरिंगांना ओरखडणार नाहीत. लोबांवर आणि टॅपेटच्या तळांवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावायची, टॅपेटच्या कडांवर आणि बेअरिंगांवर साधं ऑइल. कडांना पेस्ट लागली की टॅपेट अडकतो. कॅमवरचा काळसर फॉस्फेटचा थर घासून काढू नका, तो ऑइल धरून ठेवण्यासाठीच दिलेला असतो. हायड्रॉलिक टॅपेट आधी पंप करून भरूही नका, भरलेला टॅपेट व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो.

गिअरवरचे ठिपके जुळवले म्हणजे झालं, असं समजू नका. डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांची चकती) लावा. पिस्टन स्टॉपने खरा डेड सेंटर शोधा. मग एक नंबरच्या इनटेक टॅपेटवर डायल गेज ठेवून सर्वोच्च लिफ्टच्या ०.०५० आधी आणि ०.०५० नंतरचा अंश वाचा. समजा ७० आणि १४६ आले, तर सरासरी १०८, हीच सेंटरलाइन. कॅमच्या कागदावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोन अंशांहून जास्त फरक असेल तर क्रँक गिअरची दुसरी खाच वापरून दुरुस्त करा. ११२ सेपरेशनच्या अनेक कॅममध्ये चार अंशांची आघाडी घडवतानाच दिलेली असते. ती न पाहता गिअरवर आणखी चार दिले तर सेंटरलाइन १०४ होईल.

इथेच एक जुनी चूक होते आणि तीच पुढे कॅम खाते. दोन्ही ठिपके समोरासमोर, म्हणजे कॅमचा खाली आणि क्रँकचा वर, असतात तेव्हा फायरिंगवर सहा नंबरचा सिलिंडर असतो. त्या स्थितीत रोटर एक नंबरच्या वायरकडे ठेवून डिस्ट्रिब्युटर बसवला तर इंजिन सुरू होत नाही. मग स्टार्टर मारत राहायचं, आणि प्रत्येक फेऱ्यात लोबावरची पेस्ट पुसली जाते. क्रँक एक पूर्ण फेरी फिरवा, कॅमचा ठिपका वर येईल, तेव्हा एक नंबर फायरिंगवर असेल.

डिस्ट्रिब्युटर घालण्याआधी प्रायमिंग शाफ्टने ड्रिल लावून ऑइल पंप घड्याळाच्या दिशेने फिरवा. शाफ्टवर कॉलर असलेलाच घ्या. डिस्ट्रिब्युटरचं अंग या ब्लॉकमधली ऑइल गॅलरी बंद करतं, ते काम कॉलर करते, नाहीतर काही टॅपेटांपर्यंत ऑइल पोचतच नाही. सोळाही रॉकरांवर ऑइल आलेलं डोळ्यांनी पाहा. व्हॉल्व्ह ॲडजस्ट करताना एक्झॉस्ट उघडायला लागला की त्या सिलिंडरचा इनटेक लावा, आणि इनटेक जवळपास बंद होत आला की एक्झॉस्ट. पुशरॉडची वर-खालची ढिलाई जाईपर्यंत नट आवळा आणि त्यापुढे अर्धा फेरा द्या. ३/८-२४ आट्याला तो सुमारे ०.०२१ इंच होतो. पुशरॉड बोटांत फिरवून ढिलाई ओळखायला गेलात तर बहुतेकदा नट जास्त आवळला जातो.

ब्रेक-इनसाठी जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं खास ब्रेक-इन ऑइल लागतं. २००४ साली आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम वर्गापासून १०डब्ल्यू-३० आणि त्याहून पातळ ग्रेडच्या ऑइलमधल्या फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी ते योग्यच, पण फ्लॅट टॅपेटला नव्या अवस्थेत ते कमी पडतं. गाडीत पाणी भरून, कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल टाकून, टायमिंग जुळवून ठेवा, म्हणजे पहिल्या एक-दोन फेऱ्यांत इंजिन पेटेल. पेटल्याबरोबर २०००वर न्या आणि वीस ते तीस मिनिटं २००० ते २५००च्या दरम्यान कमीजास्त करत ठेवा. आयडलला येऊ द्यायचं नाही. लोबांवर ऑइल पडतं ते मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून, आणि कमी आरपीएमला ते शिंतोडे पोचत नाहीत. पाणी गळालं, पेट्रोल गळालं, आवाज आला तर आयडलवर ठेवून शोधत बसू नका. सरळ बंद करा, दुरुस्त करा आणि पुन्हा सुरू करून उरलेली मिनिटं पूर्ण करा. दुहेरी स्प्रिंग असतील तर आतल्या स्प्रिंग एवढ्या वेळेपुरत्या काढून ठेवाव्यात.

ते ऑइल गरम असतानाच काढा, फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा आणि चुंबक फिरवा. पहिल्या ऑइलमध्ये पेस्टची करडी झाक आणि बारीक काळसर चूर असतोच, त्याने घाबरू नका. चमकणारे कण चुंबकाला चिकटून गोळा होत असतील तर रॉकर कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्हची लिफ्ट डायल गेजने मोजा. सगळ्या इनटेकच्या लिफ्ट एकमेकांशी जुळल्या पाहिजेत, एक्झॉस्टच्याही तशाच. एखादा ०.०१० इंचाने कमी भरला तर तो लोब जायला लागला आहे, आणि त्या अवस्थेत गाडी रस्त्यावर न्यायची नाही. सगळे जुळले तर नवं ऑइल घाला आणि ८०० किलोमीटरनंतर तेही बदलून हाच फिल्टरचा तपास पुन्हा करा.